काटकोनातले कर्ण आणि माझी नोकरी

आधी चहा घ्या, मग ऐका. माझी फजिती मीच सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाले तिखटमीठ लावायची तसदी नको.

मी अकोल्याची, शाळा अकोटले. एसटीनं रोज जाणं-येणं आणि नववीले भूमिती शिकवणं. तेव्हा मी कायम व्हायची होती. माझा तास पाहून तपासणीचे साहेब ते ठरवणार होते.

वर्गाले मी एक नाद लावून ठेवला होता. कोणी म्हटलं 'नेहमी असंच असते', की त्यात न बसणारं एक उदाहरण शोधायचं. सापडलं, की विधान गेलं बाराच्या भावात.

साहेबांसमोर मी विचारलं, "चारही बाजू सारख्या म्हणजे चौरसच. खरं का?"

पहिल्या बाकावरच्या वैष्णवीनं खराट्याच्या चार सारख्या काड्या दोऱ्यानं बांधून आणल्या होत्या. तिनं चौकट जराशी दाबली. ती तिरपी झाली.

"बाजू तेवढ्याच हायेत म्याडम, पण काटकोन गेले. आता चौरस कायचा?"

साहेबही गणिताचेच. त्यांनाही चेव आला. "बरं बाई, कर्ण काटकोनात छेदतात, तो समभुज चौकोनच ना?"

आता साहेब बोलले म्हणजे बरोबरच असन, नाही का? अन् हे कोणाले वाटलं, तर मले, जिनं वर्षभर पोरायले याच्या उलटं शिकवलं.

"हो सर, अगदी बरोबर," मी ठणकावून सांगितलं.

"काहून म्याडम?" वैष्णवी म्हणाली. "पतंग हाय ना."

तिनं फळ्यावर एक उभी रेघ मारली. तिच्यावर, जरा वरच्या अंगाले, आडवी रेघ. मग टोकं जोडली. वरच्या बाजू आखूड, खालच्या लांब, अन् कर्ण मात्र काटकोनात. खरं सांगते, लाज मले नंतर वाटली. आधी मी पाहतच राहिली, की इतकं सोपं मले दिसलं कसं नाही?

साहेब खूष होऊन सोबत आलेल्या हेडमास्तरांकडे वळले. "या खोलीत प्रत्येकाला भूमिती येते."

वैष्णवीचा हात पुन्हा वर. "नाही सर. न बसणारं एक उदाहरण हाय." आणि तिनं मोठ्या अदबीनं माझ्याकडे पाहिलं.

गेली नोकरी, मी मनात म्हटलं. पण साहेब इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले त्यांना.

"यांना कायम करा," ते हेडमास्तरांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "शिकवता उत्तम, बाई. फक्त अधूनमधून स्वतःच्या तासाला बसत जा."