लोकरीची बाई

“मंग…” म्हणून मावशी डावा हात हवेत गोल फिरवायच्या आणि थांबायच्या. पुढचं काही येत नसे.

परभणीच्या दवाखान्यात मी वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवते. मावशी पालमकडच्या खेड्यातून सुनेबरोबर एसटीनं यायच्या. लकव्यानं उजवा हात लुळा पडलेला आणि तोंडात हा एकच शब्द उरलेला.

“बाई, ह्यांच्या गोष्टी ऐकायला आमी बाया ह्यांच्याच बाजूनं कापूस वेचायचो,” सून म्हणाली. “आता पाणी सुदिक मागता येत न्हाई.”

तुम्हीही पाहिलं असेल, अशा माणसाशी लोक उगाच मोठ्यानं बोलतात. कुणी ओरडलं की मावशी कानावर हात ठेवून तोंड वाकडं करायच्या.

चित्रं दाखवून काही साधेना. एकदा त्या चिडून रडल्या, तेव्हा मी चित्रं बाजूला सारली आणि नुसती अंगाई गुणगुणले. त्यांनी सूर धरला, आणि त्या सुरातून अख्खी ओळ बाहेर आली. शब्दांसकट! सुनेनं तोंडाला पदर लावला.

मी तिला समजावलं, “मेंदूत डाव्या बाजूला बोलण्याची जागा आहे, ती दुखावलीय. गाण्याला उजवी बाजूही हात देते, आणि ती शाबूत आहे. आपण बोलणंच चालीवर बसवू.”

मग टेबलावर ठेका धरून ‘पाणी दे’, ‘भूक लागली’ असं सुरू झालं. महिने गेले. चाल हळूहळू सुटत गेली, शब्द राहिले.

एक दिवस मावशींनी आपणहून गोष्ट काढली. ‘मेंढी’ हा शब्द काही केल्या येईना. हात गोल फिरला.

“लोकरीची… बाई… पाण्यात बघती. म्हनती, ही कोन… सवत?”

आम्ही दोघी पोट धरून हसलो.

“आत्या, ही गोष्ट कवाच सांगितली न्हाई तुमी!” सून म्हणाली.

“नवी… हाय,” मावशी ऐटीत म्हणाल्या.

मेंढी आठवली असती तर लोकरीची बाई जन्मलीच नसती. शब्द अडला तिथे त्यांनी दुसरी वाट काढली होती. ती मी शिकवलेली नव्हती. त्या दिवशी भेटेल त्याला मी हे सांगत सुटले.

दिवाळीनंतर त्या येईनाशा झाल्या. काळजीनं मी त्यांच्या सुनेला फोन लावला. मागे बायांचा हशा चालला होता.

“वेचणी चालू हाय, बाई. आत्या बांधावर बसून सांगायल्यात, बाया हात थांबवून ऐकायल्यात. घ्या, बोला.”

“मावशी, कशा आहात?”

“बाई… मधी… बोलू नका.”

फोन बंद झाला. मी त्यांची खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.