पाण्याखालची घरपट्टी

आमच्या ग्रामपंचायतीचा कारकून जोतीराम तसा सरळ माणूस, पण जमाखर्च जुळवायच्या बाबतीत पक्का खुळा. मी छबूबाई, तितं झाडलोट करते, म्हणून सांगते. अंदाजपत्रकात तूट दाखवायची न्हाय, असा कायदा हाय. दाखवली की वरचं हापिस कागद परत धाडतं.

गेल्या साली आमच्या माळवस्तीला नळासाठी मोटर मंजूर करायची व्हती. साठ घरं हायत. आमी बाया उजनी धरणाच्या काठावरनं दोन मैल हंडे वाहतो. नेमके अठरा हजार कमी पडत व्हते. ह्या बाबानं काय करावं? धरणात बुडालेल्या जुन्या गावची एक्केचाळीस घरं घरपट्टीच्या वहीत चढवली. "कागदावर तर जुळलं," म्हणाला. आमी हसलो, अन् मोटर मंजूर झाली, फकस्त बसायची राहिली.

उन्हाळ्यात पाणी उतरलं, जुन्या देवळाचं शिखर दिसाया लागलं. एके सकाळी मी कुलूप काढलं तर टेबलावर पैसे. वल्ल्या नोटा, चिखलाचा वास. एक्केचाळीस घरांचे, रुपया कमी न्हाय का जास्त न्हाय. जोतीरामनं नोटा उन्हात वाळवल्या अन् पावत्या फाडून टेबलावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पावत्या गायब.

आठवड्यानं अर्ज आला. कागद वल्ला, खाली एक्केचाळीस अंगठे. आमी पट्टी भरलीय, आमच्या गल्लीत दिवे लावा, एवढंच लिवलेलं.

"फाडून टाक," मी म्हणलं. "मोटरचे पैसे हायत ते."

"पट्टी घेतली न्हवं आपण, छबूबाई?"

"मग दोन्ही लिव्ह. दाखव की तूट."

"तूट दाखवता येत न्हाय."

त्यानं अंदाजपत्रकातली मोटर खोडली अन् दिवे लिवले. मी लई शिव्या घातल्या, साठ घरांच्या बायांचे तळतळाट लागतील म्हणलं. त्यानं अर्जातल्या एका अंगठ्यावर बोट ठेवलं.

"ही माझी आय. गाव उठलं तवा ती घरातनं निघाली न्हाय. मी सात वर्साचा व्हतो. तवापासनं अंधारात बसलीय."

पावसाळ्यात पाणी चढलं. खांब कुणी रोवले, मला ठाव न्हाय. पण दिवेलागणीला काठावर गेलं की खाली गल्लीभर उजेड असतो. जोतीराम तितंच बसलेला असतो, पाण्याकडं बघून हळू आवाजात बोलत. त्याच्यावरचा माझा राग अजून गेला न्हाय. पण त्या उजेडात हंडा बुडवायला माझा हात धजत न्हाय. मी तशीच रिकाम्या हंड्यानं दोन मैल चढून घरी येते.