बेसचं बटण

सारंगखेड्याच्या यात्रेत अनाउन्समेंटला मी असायचो. शाळेत मास्तर, म्हणून हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही. जुन्या अँप्लिफायरवर आवाजाच्या बटणाशेजारी ‘टोन’ लिहिलेलं एकच बटण होतं. ते कसंही फिरवा, भोंग्यातून माझा आवाज चिरकाच यायचा. तीन वर्षांपूर्वी साउंडवाल्या काकांनी नवीन मशीन आणलं. त्यात जाड आवाजाचा बेस वेगळा, बारीक आवाजाचा ट्रेबल वेगळा. बेस त्यांनी अगदी खाली ठेवला होता.

“गुरुजी, याले हात लावू नका. भोंगामा बेस वाढना म्हणजे शब्द गिळाई जातस,” असं बजावून ते जेवायला गेले.

त्यांची पाठ वळताच मी बेस पूर्ण चढवला, ट्रेबल उतरवला. काय आवाज लागला म्हणता! रेडिओवरच्या निवेदकासारखा भारदस्त. मी स्वतःवरच खूश झालो.

तेवढ्यात धडगावकडची एक म्हातारी आमच्या अनाउन्समेंटच्या तंबूत आली. गर्दीत तिची आणि मुलाची चुकामूक झाली होती. मी तिला खुर्ची दिली आणि मुलाचं नाव पुकारलं. एकदा, दोनदा, दहादा. तास झाला तरी कोणी येईना. मी पुकारलं की ती बाहेर बघायची. मग बघेनाशी झाली. शेवटी मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “नको बोलावू. ऐकलं असेल त्यानं. मी जड झाली त्याला.”

मला तेव्हाही बटण आठवलं नाही. राग आला तो मुलाचा.

काका आले. त्यांनी बटणांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बेस खाली आणला आणि नाव एकदाच पुकारलं. दोन मिनिटांत मुलगा धावत आला. रडकुंडीला आला होता. इतका वेळ तो समोरच्या रसवंतीपाशी, आमच्याच भोंग्याखाली आईची वाट बघत होता.

“तासभर पुकारतोय, कान नाहीत का तुला? आई आहे ना तुझी?” मी त्याला सगळ्यांदेखत झापलं. चूक कोणाची ते मला तोवर कळलं होतं. काका ऐकत होते, म्हणूनच बहुधा मी जास्त ओरडलो. आता आठवलं की स्वतःची किळस येते.

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो आईच्या पाया पडला, मग माझ्या.

“चुकलं, गुरुजी,” म्हणाला.

मी पाय मागे घेतले नाहीत.