भात बंद

"आठवडाभर भात बंद. वजन गटात बसलं पाहिजे," आखाड्यातल्या वस्तादांनी बजावलं होतं. टोकावड्याच्या आमच्या बाजूला भात खाल्ला नाही म्हणजे माणूस जेवलाच नाही. तेव्हा भात बंद म्हणजे उपास, असं आईने ठरवलं आणि मी मान डोलावली. आठवडाभर तिने साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याचे लाडू केले. तुपाचा हात सैल. मी सोळा वर्षांची, सकाळ-संध्याकाळ जोर-बैठका मारून वखवखलेली. उपासाचं अंगाला लागत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

शहापूरच्या शाळेत कुस्तीची निवड चाचणी होती. तिथे काट्यावर उभी राहिले तर अर्धा किलो जास्त. वजन घेणाऱ्या साहेबांनी मान हलवली. "दहाला काटा बंद करणार. तोवर उतरलं तर ये."

मुलींच्या कुस्त्या तेव्हा आमच्याकडे नव्या होत्या आणि काकांना त्या मुळीच पसंत नव्हत्या. निवड झाली नाही तर कुस्ती सुटली आणि तुळशीचं लग्न लागलं की माझं, असा शब्द बाबांनी काकांना देऊन ठेवला होता. मुरबाडकडचं स्थळही ठरल्यात जमा होतं.

मी स्वेटर चढवला, त्यावर प्लास्टिकचा रेनकोट घातला आणि मैदानाला फेऱ्या मारू लागले. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. तोंडात चिंच धरायची आणि थुंकत राहायचं, वजन उतरवायचा हा वस्तादांचा उपाय. थोड्या वेळाने थुंकीही येईना.

आई कुंपणाशी पिशवी घेऊन बसली होती. तिला बघून माझं डोकं फिरलं. माझा कान कुस्तीत मोडला तेव्हापासून ती आखाड्याचं नाव काढू देत नव्हती, तरी माझ्याबरोबर आली होती.

"एवडा कशाला चारलास मला?" मी धावता धावता ओरडले.

ती उठली. पिशवी खाली ठेवली, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि अनवाणी माझ्याबरोबर धावायला लागली. व्हरांड्यातली पोरं हसली.

"लोका बगतात, आई. बस तू."

"बगू दे. थुक. आजून थुक."

दहाला थोडाच वेळ उरला होता. साहेब घड्याळाकडे बघत होते. मी अंगावरचं ओझं उतरवून काट्यावर चढले आणि श्वास धरला. काटा थरथरत पुढे गेला, मागे आला, थांबला.

"बसलं."

बाहेर पायरीवर आईने मला पाणी पाजलं, हातात केळं दिलं. जिवात जीव आल्यावर मला हसूच फुटलं. "आपुन दोघी पन येड्याच. वजन उतरवायला साबुदाना!"

ती हसली नाही.

"मी येडी नाय. एकादशी आणि दुप्पट खाशी, ह्या काय मला म्हाईत नाय? जानूनबुजून घातला तुला. वाटला, वजन नाय बसला तं गप घरी येशील. धड हातापायांनी."

केळ्याचा घास माझ्या तोंडातच राहिला. "मंग धावलीस कशाला?"

"तुजी थुकी आटली ती बगवली नाय मला."

मला तिचा भयंकर राग आला. पुढे कितीतरी जणींशी लढले, पण तसा राग मला कोणाचाच आला नाही. तिच्या टाचा खडीने सोलवटल्या होत्या, ते मला दिसत होतं आणि तरीही राग जात नव्हता.

आतून माझं नाव पुकारलं. मी तिच्याकडे न बघता उठले. तिने मला दंडाला धरून थांबवलं आणि पदराने माझं तोंड पुसलं.

"माज्यावं रुसायचा तं मंग रूस," ती म्हणाली. "आता जा नि पाड तिला. तू हारलीस तं मी तुला काय तोंड दाखवू?"