मोटरीच्या पेटीत पोराचं सिम

मंडळी, आज सूड घेतला. लई गार वाटतंय.

उजनीकाठी आमची केळी हाय. मोटर फोनवरनं चालू-बंद होते, पण तिच्या पेटीतलं सिम बंद पडलेलं. म्हणून पोराला म्हटलं, "पाणी पुरं झालं की मोटर बंद कर."

तो बांधावर रील बघत बसला. पाणी शेजारच्या तात्यांच्या काढलेल्या कांद्यात शिरलं. तात्या चार माणसांत मला नको नको ते बोलले. पोरगं म्हणतंय, "पप्पा, आत्ताच तर मोबाईल हातात घेतला होता की!"

मी त्याचं सिम काढून मोटरीच्या पेटीत घातलं.

आता त्याला फोन लावला की बाईचा आवाज येतो, "मोटर चालू करण्यासाठी एक दाबा." त्याचे दोस्त दुपारपासून एक दाबतायत, आन पोरगं मोटर बंद करायला पळतंय.

सिम परत देऊ, का केळी निघेपर्यंत राहू दे?