पंधरावी रात्र

वर्ल्ड कपची स्टेडियमं उभी राहत होती तेव्हा मी दोह्यात एका कंत्राटदाराकडे टाइमकीपर होतो. गेटवर कार्ड पंच झालं की माणूस हजर. आत तो काय करतो, ते माझ्या रकान्यात येत नसे. हीच रीत मी घरी चालवली. आजवर कुणाला बोललो नाही.

बायको आणि मी वेगळे झालो तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. दोघांच्याही नोकऱ्या दोह्यातच, म्हणून मुलगी दोघांकडे राहील असा कागद नाशिकच्या वकिलाकडून करून घेतला. त्यात एक कलम होतं. महिन्यात पंधरा किंवा जास्त रात्री मुलगी माझ्याकडे झोपली, तर तिच्या खर्चाचे पैसे मी निम्मे द्यायचे. कारण तेवढा खर्च माझ्याच घरात होणार. कलम रास्त होतं.

आधी ती गुरुवार-शुक्रवार यायची आणि पैसे पूर्ण जायचे. मग गाडीचा हप्ता जड व्हायला लागला आणि मी मंगळवार-बुधवारही मागून घेतले. बायकोला वाटलं, बापाला लेकीची ओढ लागली. ती लगेच हो म्हणाली. पैसे निम्मे झाल्यावर अल गराफातला फ्लॅट तिला परवडेना, तेव्हा ती शहराबाहेर, उम्म सलाल मोहम्मद भागात एका व्हिलाच्या मागच्या खोलीत राहायला गेली. मी सामान हलवायला गेलो होतो. फ्रिज दारातून आत जात नव्हता.

दोन महिन्यांनी मला रात्रपाळी लागली. काम मागे पडलेलं, साहेबांचं दिवसरात्र यल्ला यल्ला, आटपा आटपा चाललेलं. बायकोला एक फोन करायचा होता, की पाळी बदलेपर्यंत मुलीला तुझ्याकडेच ठेव. पण मग पंधरा रात्री भरल्या नसत्या. मी फोन केला नाही. मुलीला जेवू घालायचो, दप्तर भरायला लावायचो आणि नऊ वाजता बाहेरून कुलूप लावून साइटवर जायचो. पहाटे पाचला आलो की ती झोपलेली असायची. दिवा मात्र चालू. वहीत तारखेपुढे खूण करायचो.

एका रात्री बिल्डिंगमधला आगीचा अलार्म वाजला. आग नव्हती, कुणाचं तरी तेल जळलं होतं. सगळे खाली उतरले आणि माझी मुलगी आतून दार बडवत राहिली. वॉचमनने ऑफिसातली किल्ली शोधून आणली तोवर तिचा आवाज बसला होता. फोन कुणाला करू, असं त्याने विचारलं. तिला एकच नंबर पाठ होता, आईचा.

मी पाचला पोचलो तेव्हा दोघी जिन्यात बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत मुलगीच बोलली. माझ्याशी, आईशी ती कायम इंग्रजीत बोलायची. तेव्हा मराठीत बोलली.

"आई, बाबा दूध आणायला गेले होते. आत्ताच."

बायकोने माझे साइटचे बूट पाहिले, अंगातलं पिवळं जॅकेट पाहिलं. मुलीला उठवून उभं केलं.

"ही रात्र पण धर," ती मला म्हणाली. "पूर्ण हजेरी लाव."

त्या महिन्यात मुलगी काही रात्री तापाने आईकडेच राहिली होती, त्यामुळे महिनाअखेरीला आकडा चौदावर अडला होता. ती रात्र धरली तर पंधरा.

मी धरली. निम्मे पैसे पाठवले.

त्यानंतर मुलगी माझ्याकडे कधी झोपली नाही. पुढच्या महिन्यापासून पैसे पूर्ण जाऊ लागले. शुक्रवारी दुपारी ती यायची, उजेड असेपर्यंत थांबायची. त्या दुधाचा विषय तिने पुन्हा कधी काढला नाही, मीही नाही. आज ती कॉलेजात आहे, आणि तिचं ते वाक्य अजून मी तसंच खरं ठेवलं आहे.

मी दूध आणायला गेलो नव्हतो.