बुधवारी आलेल्या सिस्टर

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. सतरा वर्षांची असताना मी महिनाभर सुकत चालले होते. कितीही पाणी प्यायलं तरी तहान भागत नव्हती, कपडे अंगावर लोंबायला लागले होते. आम्ही नामपूरचे. आईने तीन आठवडे मला अंगारा लावला, वणीच्या देवीला साकडं घातलं आणि येईल त्याला ‘देवी बघेल’ एवढंच सांगत राहिली. शेवटी मी बेशुद्ध पडले तेव्हा मामाने जीपमध्ये घालून नाशिकला आणलं. आणखी एक दिवस गेला असता तर मुलगी हातची गेली असती, असं डॉक्टर आईच्या तोंडावर म्हणाले. तेव्हापासून रोज चार वेळा इन्सुलिनची सुई आणि देवाशी अबोला, अशी सत्तावीस वर्षं गेली. अंगारा मी पुन्हा कपाळाला लागू दिला नाही. आईनेही कधी तो विषय काढला नाही.

मी नाशिकला शाळेत गणित शिकवते. घरीही माझं सगळं आकड्यांवर चालतं. काय खाल्लं, साखर किती, औषध किती, हे न मोजता मी एक घासही घेत नाही. साखर आटोक्यात राहावी म्हणून चाळिशीत सायकल धरली आणि तिची गोडी लागली. गेल्या हिवाळ्यात एकटीने चार दिवस डोंगरवाटांनी जायचं ठरवलं: पेठ, सुरगाणा, मग आडवाटेने हतगडकडे, तिथून नांदुरी, वणी आणि घर. त्याच देवीचा, सप्तशृंगीचा गड वाटेत येत होता, पण वर जायचा विचार नव्हता. नवरा म्हणाला, “एकटीच? आणि काही झालं तर?” मी त्याला माझी यादी दाखवली. ‘काही झालं तर’ या सदराखाली अकरा गोष्टी होत्या. इन्सुलिनची दोन पेनं दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवणार होते.

दोन दिवस फार सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, एका आश्रमशाळेतल्या ओळखीच्या बाईंच्या घरून पहाटेच निघाले. उन्हात औषध गार राहावं म्हणून पेनं ओल्या कापडाच्या पाकिटात ठेवते. त्यातलं एक पाकीट वाळलं होतं, म्हणून दोन्ही पेनं पुढच्या पिशवीत एकत्र टाकली. पुढे पाणी मिळालं की वेगळी करू, असं म्हटलं. नाश्ता आणि सकाळची सुईही वाटेतच उरकणार होते.

नऊच्या सुमाराला एका अरुंद उतारावर मागचं चाक मुरमावर घसरलं. मी डोंगराच्या बाजूला पडले, म्हणून वाचले. पुढचं चाक मात्र दगडावर आपटून वेडंवाकडं झालं आणि हँडलवरच्या पिशवीचा पट्टा तुटला. पिशवी दोनदा उसळून दरीत गेली. खाली कारवीच्या झुडपांत तिचा नारिंगी रंग दिसत होता. दोन पावलं उतरून पाहिलं, तर पायाखालचा मुरूम सरकायला लागला. तशीच चार पायांवर वर आले.

मोबाइलला रेंज नव्हती. सायकल ढकलत दोन तास चालले. साखर तपासायचं यंत्र खिशात होतं, म्हणून आकडा कळत होता आणि दर वेळी वाढत होता. तीनशे चाळीसवर मळमळायला लागलं. जीभ टाळूला चिकटत होती. ती तहान मी ओळखली. सतराव्या वर्षीची तीच ती.

एका पाड्याशी पोचले. उतारावरच्या वाफ्यांत एक आजी स्ट्रॉबेरी तोडत होत्या. मी गाडीचं विचारलं.

“गाडी सकाळीच गेली माल घेऊन,” त्या म्हणाल्या. “आता सांजला येल.” माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी ओंजळभर स्ट्रॉबेरी पुढे केल्या. “खा बाय. घसा सुकला तुझा.”

“मला चालत नाही आजी. साखर आहे मला.”

त्यांनी स्ट्रॉबेरी पाटीत टाकल्या आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. मला अंगणवाडीच्या ओट्यावर बसवून त्या कोणाची मोटरसायकल मिळते का ते बघायला गेल्या.

ओट्यावर बसून मी हिशेब मांडला. संध्याकाळी गाडी, मग रस्ता, मग औषधाचं दुकान. तोपर्यंत मी बसू शकेन का? तीन वेळा मांडला, तिन्ही वेळा उत्तर ‘नाही’ असंच आलं. तेव्हा मला रडू फुटलं आणि इतक्या वर्षांचा अबोला मोडून मी रागानेच बोलले, “तू बघणार होतीस ना? मग बघ आता.” याला प्रार्थना म्हणता येईल का, मला माहीत नाही. तेवढं बोलून मी भिंतीला डोकं टेकवलं. आता माझ्या हातात काही उरलेलं नव्हतं.

थोड्या वेळाने स्कूटीचा आवाज आला. अंगणवाडीत लस द्यायला येणाऱ्या सिस्टर होत्या. पस्तिशीच्या असतील. खांद्यावरची निळी पेटी खाली ठेवायच्या आतच त्यांनी मला पाहिलं.

“ताई, काय होतंय? पडल्या का?”

“इन्सुलिन दरीत गेलं,” मी म्हणाले. “सकाळपासून घेतलेलं नाही.”

त्यांनी माझं यंत्र बघितलं, नाडी धरली, तोंडाचा वास घेतला. मग माझ्याकडे जरा वेगळंच बघत राहिल्या.

“माझ्या डिकीत आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या आईचं. सकाळीच वणीतून घेतलं, बर्फाच्या थर्मासमध्ये. घरी पोचायला उशीर होतो म्हणून सोबत ठेवलंय.”

“मग तुमच्या आईला?”

“आजचं घरी आहे तिला. तुमचं बघू आधी. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाय देणार मी. बसा.”

पाण्याच्या टाकीच्या टेकाडावर रेंज मिळते, हे त्यांना ठाऊक होतं. त्या जवळजवळ पळतच वर गेल्या. मी खालून त्यांच्याकडे बघत होते. उन्हात उभ्या राहून एका हाताने पदर सावरत त्या माझे आकडे कोणाला तरी सांगत होत्या. खाली येऊन त्यांनी सुई भरली, मला आकडा दाखवला आणि दंडात टोचली. ते औषध माझं नेहमीचं नव्हतं, पण चालणारं होतं. सुई बाहेर निघाली तेव्हा मी इतका मोठा श्वास सोडला की तेवढ्यात परत आलेल्या आजी हसल्या.

“इथं लस मंगळवारी असते,” मला स्कूटीवर मागे बसवताना सिस्टर म्हणाल्या. “काल गाडी पंक्चर झाली, म्हणून आज आले.”

आरोग्य केंद्रात सलाईन लागलं. दुपारभर आकडा उतरत गेला: तीनशे, अडीचशे, एकशे ऐंशी. शाळेत एखाद्या पोराचं उत्तर बरोबर यावं तसं दर वेळी मला हसू येत होतं. सिस्टर लसीकरण उरकून संध्याकाळी परत डोकावल्या, माझ्या पायावरची माती स्वतः पुसली आणि घरी गेल्या. दिवेलागणीला नवरा गाडी घेऊन आला. तो माझा हात धरून बसला.

मी आईला फोन लावला. पडले, औषध गेलं, सिस्टर आल्या, सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल देवीनेच पाठवली. ती म्हणाली, “पहिले सांग, सुई लिधी ना?” घेतली म्हटल्यावर पलीकडून बराच वेळ फक्त रडणं ऐकू आलं. ती त्या तीन आठवड्यांसाठी रडत होती, हे मला कळलं. मीही तिला तेव्हा पहिल्यांदा म्हणाले, “आई, तुझी चूक नव्हती गं. तुला माहीत नव्हतं.”

स्कूटीचं चाक मंगळवारी का पंक्चर झालं, यावर मी वाद घालणार नाही. मी गणिताची बाई आहे, योगायोग मलाही माहीत आहेत. पण इतकी वर्षं मी देवी एका बाजूला आणि औषध दुसऱ्या बाजूला ठेवून एकाची निवड केली होती. त्या दिवशी दोन्ही एकाच स्कूटीवर आली. यादी मी आजही करते, सुई चुकवत नाही. फक्त यादी संपते तिथून पुढचं सगळं आपल्याच हाती असायला हवं, हा हट्ट सुटला. तो सुटल्यावर कळलं, तो किती जड होता.

दुसऱ्या दिवशी घरी जाताना नांदुरीला मी नवऱ्याला गाडी गडाकडे वळवायला सांगितली. रांगेत काय बोलायचं ते मनात जुळवत होते: माफी, आभार, बरंच काही. समोर गेले, त्या मोठ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि जुळवलेलं सगळं विसरले. मागून लोक पुढे सरकत होते. “आले गं,” एवढंच तोंडून निघालं.